श्रीखंडावरची चारोळी आणि डोंगरातलं फळ

(शहादा येथे सहकारी आणि देणगीदार यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला वर्षभराच्या कामाविषयी बोलायला सांगितलं आहे. आकडे छापील अहवालात आहेत आणि अहवाल तुमच्या हातात आहे, तेव्हा तो मी वाचून दाखवत नाही. मी एका फळाविषयी बोलणार आहे. कंटाळा आला तर खूण करा, चहा तयारच आहे.

आधी हात वर करा. श्रीखंडावर किंवा बासुंदीत घातलेली चारोळी कोणी कोणी खाल्ली आहे? सगळ्यांनीच. नाताळच्या करंज्यांतही आपण ती घालतो. आता सांगा, चारोळीचं फळ कोणी खाल्लं आहे? (मागच्या रांगेतून तीन हात वर आले. तिघेही धडगावकडचे.)

हेच मला सांगायचं आहे. आपण ज्याला चारोळी म्हणतो तो बीच्या आतला दाणा. बदामाचं जसं असतं तसंच. बाहेर फळ, फळात टणक बी, बीच्या कवचात दाणा. दाणा मुंबई-पुण्याच्या मिठाईवाल्याकडे जातो, किराणा दुकानात छोट्या पुडीत मिळतो आणि किलोचा भाव हजाराच्या वर असतो. फळ मात्र शहरातल्या बाजारात सहसा येत नाही. ते डोंगरात पिकतं आणि बहुतेक डोंगरातच संपतं.

झाडाला आमच्याकडे ‘चार’ म्हणतात आणि फळांना ‘चारं’. आकडा नव्हे, आणि गुरांचा चाराही नव्हे. आंबा, काजू आणि बिबा ज्या कुळातले, त्याच कुळातलं हे झाड. मध्यम उंचीचं. साल काळपट, मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली, पानं रुंद आणि जाडसर. होळीच्या आधी त्याला हिरवट पांढरा बारीक मोहोर येतो आणि एप्रिल-मेमध्ये फळ पिकतं. सातपुड्याच्या कोरड्या जंगलात साग, महू, टेंभुर्णी यांच्यामध्ये ते उभं असतं. ओळखणाऱ्यालाच ओळखू येतं.

मी ते पहिल्यांदा खाल्लं ते अक्राणी तालुक्यातल्या एका पाड्यावर. मे महिना होता. मुलांची वजनं घ्यायला गेलो होतो. पिकअप रस्ता संपतो तिथे ठेवून पुढे तासभर चढण. वर पोचलो तर बालवाडीत मुलं नव्हती. ताई म्हणाल्या, “सगळी चाराखाली आहेत.” गेलो. सहा-सात मुलं झाडावर, तितकीच खाली, आणि सगळ्यांचे ओठ आणि बोटं जांभळट काळी. एका मुलीने पळसाच्या पानावर मूठभर चारं ठेवून पान माझ्यापुढे धरलं. दुसऱ्या हातात तिने एक वाटी धरली होती. “ताई, बी ह्यात.”

फळ बोटाच्या नखाएवढं, किंचित चपटं. कच्चं असताना हिरवं, पिकलं की जांभळट काळं. साल पातळ. दातांनी नुसतं दाबलं की गर सुटतो. गर मात्र थोडाच. बीवर चढवलेला एक थर म्हणा. चव आधी गोड लागते, मग अगदी शेवटी आंबट. जांभळाची आठवण येते, पण जांभूळ जसा घसा ओढतं तसं हे ओढत नाही. करवंदाचा चीक नाही. आणि मला तरी त्यात पाडाच्या आंब्याच्या देठाजवळचा तो हिरवा वास किंचित आला. कूळ एकच म्हटल्यावर नवल नाही. एका फळाने काही समजत नाही. वीस-पंचवीस खाल्ली की तोंडात खरी चव भरते, आणि तोवर हात थांबत नाही.

आम्ही खात होतो आणि वाटी भरत होती. संध्याकाळी आजी ती वाटी घेऊन बसली. बिया पाण्यात चोळून चोळून धुतल्या, उरलेला गर काढला, सुपात पसरून ठेवल्या. दोन दिवस उन्हात वाळवायच्या. मग दोन दगडांमध्ये बी धरून अशा बेताने दाबायची की कवच फुटेल पण दाणा मोडणार नाही. मोडलेल्या दाण्याला भाव नाही. मी दहा बिया फोडून पाहिल्या. सहा दाण्यांचा चुरा झाला आणि आजी मनसोक्त हसली. जास्त माल असेल तर फळं रात्रभर पाण्यात भिजत घालतात आणि सकाळी कालवून गर काढतात. पण मुलांच्या खेळातून जमलेल्या वाट्याही त्याच पोत्यात जातात. तेव्हा तुमच्या श्रीखंडावरची एखादी चारोळी सातपुड्यातल्या एखाद्या पोराच्या तोंडातून आलेली असू शकते. घाबरू नका, पुढे ती भरपूर धुतली जाते.

एक गोष्ट मध्येच सांगते, कारण ती इथे बसलेल्यांना आवडेल. विल्यम कॅरी आपल्याला माहीत आहेत. १८०५ साली त्यांनी मराठीचं व्याकरण छापलं, १८११ साली मराठी नवा करार. तेही बंगालमधल्या श्रीरामपुरात, आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नव्हे. याच कॅरींना झाडांचं विलक्षण वेड होतं. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग यांनी भारतातल्या वनस्पतींची वर्णनं लिहून ठेवली होती. रॉक्सबर्ग वारल्यावर ती हस्तलिखितं कॅरींनी छापून काढली, आणि १८३२ च्या त्या ‘फ्लोरा इंडिका’मध्ये आपल्या या चाराचंही वर्णन आहे. शास्त्रीय नाव बुकानानिया. फ्रान्सिस बुकानन नावाचे एक सर्जन आणि वनस्पतिशास्त्रज्ञ होते, त्यांच्यावरून. नाव साहेबाचं मिळालं, पण फळ आजीच्या आजीलाही ठाऊक होतं.

आता मुद्द्याकडे येते.

शहादा तालुका पपईचा. इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या शेतात पपई आहे किंवा होती. पपई मूळची अमेरिकेतली, पोर्तुगिजांबरोबर इकडे आली. सीताफळही तिकडचंच. आज पपईचे ट्रक इथून उत्तरेकडे जातात. तुम्हाला माहीत आहे, पपईवर फिकट पिवळी रेघ दिसली की तोड होते. झाडावर पिकेपर्यंत कोणी थांबत नाही. पपईला ते चालतं. ती वाटेत पिकते. तोड कधी करायची हे शेतकऱ्यापेक्षा व्यापाऱ्याची गाडी ठरवते, यावरून तुमच्यात दरवर्षी भांडणंही होतात.

चाराचं नेमकं इथेच बिघडतं. व्यापाऱ्याला गराशी देणंघेणं नाही. त्याला वाळलेली बी हवी, आणि बी तो वजनावर घेतो. मग फळ पिकेपर्यंत थांबायचं कशासाठी? जंगलातलं झाड कोणा एकाचं नाही. मी थांबले तर दुसरी तोडून नेईल. दुसरी थांबली तर शेजारच्या पाड्याचे येतील. म्हणून सगळेच एकमेकांच्या आधी पोचायला बघतात. मेमधलं फळ एप्रिलच्या सुरुवातीला हिरवंच उतरतं. उंचावर हात पोचत नाही म्हणून फांदीच तोडतात, कधी कधी अख्खं झाडही आडवं होतं. कच्च्या बीतला दाणा सुरकुतलेला, हलका. त्याला भाव कमी. भाव कमी म्हणून माल जास्त हवा. माल जास्त हवा म्हणून आणखी फांद्या.

आणि मुलांना फळ नाही.

शहरातल्या माणसाला हे किरकोळ वाटेल, म्हणून जरा थांबून सांगते. आमच्या डोंगरात एप्रिल ते जून हे कठीण महिने. कणगीतली ज्वारी आणि मका तळाला गेलेले असतात. ऊसतोडीला गुजरातेत गेलेली माणसं नुकती परत आलेली असतात किंवा वाटेवर असतात, आणि मुकादमाची उचल फेडून हातात फार काही उरत नाही. या महिन्यांत जंगलच पोराबाळांना खाऊ घालतं. आधी महूची फुलं, मग टेंभुर्णी आणि चारं, मग करवंदं आणि आंबे, पहिल्या पावसाला जांभळं. टेंभुर्णीचंही तेच, आपल्याला तिचं बिडीचं पान ठाऊक, तिचं पिवळं गोड फळ ठाऊक नाही. कुपोषणाच्या बातम्यांत आपल्या जिल्ह्याचं नाव येतं तेव्हा आपण इथून सुकडीची पाकिटं आणि खजूर पाठवतो. पाठवावीतच. पण चारोळीच्या दाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं आणि प्रथिनंही भरपूर. तो दाणा डोंगर उतरून खाली जातो आणि त्याच्या मोबदल्यात आलेल्या पैशांतून पाड्यावरच्या दुकानातली बिस्किटं वर जातात. जुनी माणसं सांगतात की पूर्वी मिठाच्या बदल्यात चारोळी द्यायचे. मापाला माप.

सरकारने काहीच केलेलं नाही असं नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर गावाचा मालकी हक्क मान्य केला आहे, आणि त्यात चारोळी येते. त्याआधी १९९६ च्या पेसा कायद्यानेही अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना हा अधिकार दिला. केंद्र सरकार गौण वनोपजाला किमान आधारभूत किंमत जाहीर करतं. २०२० साली कवचासकट चारोळीच्या बियांना ती किलोला १२६ रुपये होती. पण मालक कोण हे कागदावर ठरलं तरी कोणत्या दिवशी तोडायचं हे कागद ठरवत नाही.

ते पाड्याने ठरवलं. आमच्या संस्थेने नव्हे, हे मुद्दाम सांगते, कारण अहवालात अशा गोष्टी आपल्या नावावर लिहायचा मोह होतो. तीसेक घरांचा पाडा. होळीच्या आधी कारभारी, दोन-तीन वडीलधारे आणि बचत गटाच्या बाया बसल्या. खूप बोलणं झालं, बरंचसं पावरीत. मला निम्मं कळलं. ठरलं ते असं: आखाजीच्या आधी चाराला कोणी हात लावायचा नाही. फांदी तोडायची नाही. तोडायला सगळ्या घरांनी एकाच दिवशी सुरुवात करायची. आणि शेंड्यावरचं तोडायचं नाही. हे शेवटचं कलम आजीचं. मी विचारलं, का? म्हणाली, “वरचं पाखरांचं.” अनुवादाच्या पुस्तकात जैतुनाच्या झाडाविषयी असाच नियम आहे, फांद्या दुसऱ्यांदा झोडपायच्या नाहीत, उरलेलं परक्याचं, अनाथाचं, विधवेचं. आजीने ते पुस्तक कधी पाहिलेलं नाही. तिचा हिशोब साधा होता. पाखरं बी नेतात, कुठेतरी टाकतात, तिथे झाड येतं. सगळं आपणच खाली आणलं तर नवं झाड येणार कुठून?

पहिलं वर्ष बरं गेलं. मुलांनी पोटभर चारं खाल्ली. दाणे टपोरे निघाले. सगळ्यांची वाळलेली बी एकत्र मोजली. आम्ही ताडपत्र्या आणि एक तोलकाटा दिला होता, बस्स. दारावर येणाऱ्या माणसाच्या काट्यावर माल न घालता आधी स्वतः मोजला, एवढ्याने सौद्याची भाषा बदलली.

दुसऱ्या वर्षी नियम मोडला. आखाजीला दोन आठवडे असताना एका बाईने पहाटे दोन झाडं हिरवीच उतरवली. नवरा गुजरातेत, फोन लागत नव्हता. धाकट्या मुलाला तीन दिवस ताप. धडगावला न्यायला जीपचं भाडं हवं होतं आणि घरात विकण्यासारखं दुसरं काही नव्हतं. तिने चारं उतरवली, विकली, मुलाला घेऊन गेली. मूल बरं झालं. ती परत आली तेव्हा पाडा बसलेला होता.

मी त्या बैठकीत होते. दंड व्हावा असं म्हणणारे बरेच होते, आणि त्यांचंही चूक नव्हतं. एकीला सोडलं तर उद्या दहा जणी कारणं घेऊन येतील. ती बाई काही बोलली नाही, खाली बघत राहिली. मग बचत गटाची एक बाई उठली आणि म्हणाली, “झाड उघडं पडलं ते सगळ्यांना दिसलं. जीपचं भाडं कोणाला दिसलं?” बराच वेळ कोणी बोललं नाही. दंड झाला. पाच रुपये. आणि ठराव झाला की यंदाच्या विक्रीतून प्रत्येक घराने थोडे थोडे पैसे बाजूला काढायचे. ते गटाच्या पेटीत राहतील. आजारपणाला, रात्री-बेरात्री, कोणीही न विचारता ते द्यायचे, म्हणजे भाड्यासाठी कोणाला हिरवं फळ तोडावं लागणार नाही. मी इतक्या बैठकांना बसले आहे, पण पाच रुपयांचा दंड इतका विचार करून लावलेला कधी पाहिला नाही.

सगळं सुरळीत झालं असं समजू नका. हद्दीवरची झाडं शेजारच्या पाड्याने दोन्ही वर्षी हिरवीच नेली. त्यांचं म्हणणं असं की नियम तुमचा, झाड सगळ्यांचं. त्यांच्याशी बोलणी चालू आहेत. मागच्या महिन्यात दोन्हीकडचे कारभारी एकत्र बसले आणि चहा पिऊन उठले. एवढीच प्रगती आहे, आणि ती मी प्रगतीच समजते.

नव्या झाडांचा प्रयत्नही सुरू आहे. चाराची बी सहजासहजी रुजत नाही; कवच इतकं टणक की कोंबाला बाहेर पडता येत नाही, आणि बी फार दिवस ठेवली तर जीवच जातो. कवचाला हलकी चीर द्यावी लागते, आणि ते काम आजीच्या हाताइतकं कोणाला जमत नाही. गुजरातेत गोध्र्याजवळच्या केंद्रीय बागायती प्रयोग केंद्राने चाराची ‘थार प्रिया’ नावाची जात निवडली आहे. जंगली म्हणून दुर्लक्षलेल्या झाडाकडे शास्त्रज्ञ बागेतलं झाड म्हणून बघू लागले, याचा आनंद आहे. कलमं मिळाली तर पाड्याजवळच्या शेताच्या बांधावर लावायचा विचार आहे. पण बांधावरचं झाड एका घराचं होतं, हेही बायांनी लगेच बोलून दाखवलं. विधवेच्या नावावर बांध नसतो. हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

आता शेवटचं. मघाशी दोघांनी विचारलं, हे फळ शहाद्यात आणून विकता येणार नाही का, मंडळीतली माणसं घेतील. भावना चांगली आहे. आम्ही एकदा टोपलीभर आणून पाहिली. सकाळी तोडलेली फळं जीपने आणि मग एसटीने इथे पोचेपर्यंत दबली, पाणी सुटलं, संध्याकाळी आंबूस वास यायला लागला. ते फळ प्रवासाचं नाही. बी धुऊन वाळवून पाठवता येईल, आणि तुम्हाला चारोळी घ्यायचीच असेल तर पाड्याच्या गटाकडून घ्या. भाव ते सांगतील तो, घासाघीस करू नका. फळ खायचं असेल तर वर या. आखाजीनंतर, पाऊस लागायच्या आत. शहाद्याहून म्हसावदमार्गे धडगाव, पुढे गाडीरस्ता संपेपर्यंत आणि मग तासभर पायी. प्यायचं पाणी सोबत घ्या. जेवण पाड्यावर होईल, भाकरी आणि उडदाची डाळ. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी आधी सांगावं.

नावं १५ एप्रिलपर्यंत कार्यालयात द्या. पिकअपमध्ये आठ जणांचीच जागा आहे.